टिंबांच्या रेघेतलं बाळ

“तिला कशाला आत बोलवायचं? तिचं मी सांगते ना.”

मावशीचा आवाज मनोऱ्याखालच्या खोलीतून आला. चर्चची कमिटी तिथे बसते. दार अर्धवट उघडं होतं आणि मी बाहेर दोन पावलांवर, बाप्तिस्म्याच्या कुंडामागे, फरशीवर मांडी घालून बसले होते. हातात कंगव्यासारखी दातेरी मोजपट्टी होती. ती दगडाला टेकवली की तिच्या काड्या आत सरकतात आणि दगडाचा उंचसखलपणा जसाच्या तसा धरून ठेवतात. मी एका दगडी पंखाचा उतार पुन्हा तपासत होते. तसं पाहिलं तर त्याची काही गरज नव्हती. मीटिंग चालू असताना दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचलं नव्हतं, एवढंच.

“नाहीतरी त्या बोलतात कुठे?” हे खजिनदार. “कुंड आणि त्या, दोघांत आधी कोण बोलतंय याची मी दोन महिने वाट बघतोय.”

सगळे हसले. मावशीही हसली. मग म्हणाली, “तिचं म्हणणं एवढंच आहे की काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावं. चेहरे कसे हवेत तेही तिनं काढून दिलंय. हे बघा.”

कागद उलटल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, “वा, गोड आहे.”

माझं म्हणणं ते नव्हतं. माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानावर माझं म्हणणं होतं, आणि ते पान मी चार वेळा लिहिलं होतं. या चेहऱ्यांना छिन्नी लावू नये. स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, बस. मी तो अहवाल इंग्रजीत लिहिला होता, कारण मला तसंच लिहिता येतं. कमिटीचं कामकाज मराठीत चालतं. मावशीनं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. “तू लिही, मी त्यांना मराठीत सांगते,” असं तीच म्हणाली होती, आणि मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

दोन पावलांवर दार होतं. मी मोजपट्टीच्या काड्या एकेक करून सरळ केल्या आणि बसून राहिले.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. आईची मैत्रीण, आणि माझी गॉडमदर. चर्चच्या वहीत त्या रकान्याला धर्ममाता म्हणतात. आमच्याकडे तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पाळकसाहेब प्रश्न मुलाला विचारतात आणि उत्तरं गॉडमदर-गॉडफादर देतात. सैतानाला नाकारतोस का, विश्वास धरतोस का, असे मोठमोठे प्रश्न, आणि समोर टाळूवर तेल थापलेलं, झोपलेलं किंवा रडणारं मूल. मी झोपले होते म्हणे. मावशीनं माझी सगळी उत्तरं खणखणीत आवाजात दिली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली, असं आई अजून सांगते.

त्यानंतर तिनं माझ्या वतीनं बोलणं कधी थांबवलंच नाही. संडे स्कूलमध्ये वचन पाठ आहे का विचारलं की, “आहे तिला पाठ, लाजते.” हॉटेलात वेटर समोर आला की, “तिला साधा डोसा.” पाहुण्यांनी मला शाळा कशी वाटते विचारलं की, “आवडते तिला.” माझी शाळा नन्सची होती. तिथे मराठी बोललं की फळ्यावर नाव लागायचं, आणि घरी आल्यावर माझ्या मराठीला मामेभावंडं हसायची. दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. मावशी बरोबर असली की ते आणखी सोपं व्हायचं. तिनं माझं तोंड बंद केलं असं मी म्हणणार नाही. मला मसाला डोसा हवा असायचा, पण तेवढ्यासाठी तोंड उघडावं असं कधी वाटलं नाही.

कुंड दाराजवळ आहे, गॅलरीखाली. आठ बाजूंचं, पिवळट पांढऱ्या दगडाचं, माझ्या कमरेच्या जरा वर येईल एवढं. कुणी म्हणतं दगड जहाजातून विलायतेहून आला, कुणी म्हणतं पोरबंदरचा आहे. चार बाजूंवर पानं आणि द्राक्षं कोरलेली आहेत, आणि मधल्या चार बाजूंवर चार बाळं. नुसती डोकी, आणि गालांखालून फुटलेले दोन पंख. पंखांची पिसं अजून मोजता येतात. चेहरे मात्र झिजून गेलेत. नाकाच्या जागी उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे, वापरून वापरून पातळ झालेल्या साबणाच्या वडीसारखे.

ते ऊनपावसानं झिजलेले नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. ती कुठल्याही पुस्तकात नाही. बाप्तिस्मा झाला की आई कुंडातल्या पाण्यात अंगठा बुडवते, तो जवळच्या दगडी बाळाच्या तोंडावरून फिरवते आणि मग आपल्या बाळाच्या गालाला लावते. का, ते कुणी सांगत नाही. पाळकसाहेब त्या वेळी पुस्तकाची पानं चाळत असतात. दाराकडच्या बाजूला जागा जास्त, म्हणून आया तिथे उभ्या राहतात, आणि म्हणून त्या बाजूचं बाळ सगळ्यात जास्त पुसलं गेलंय. माझ्या आईचा अंगठाही तिथेच फिरला. मी मोजायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच दिवशी त्या बाळाच्या गालावर मोजपट्टी टेकवली आणि काड्या जवळजवळ एका ओळीतच राहिल्या. इतकं सपाट. मला ते फार आवडलं. अहवालात आवडलं असं लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिलं की ही झीज हाही या वस्तूचा इतिहास आहे आणि तो पुसू नये.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. आम्ही जुन्या इमारतींची मोजमापं घेतो, ड्रॉइंग करतो. चर्चच्या वर्धापनदिनानिमित्त कुंडाचं ‘काहीतरी’ करायचं ठरलं तेव्हा मावशीनंच माझं नाव सुचवलं. दोन महिने मी शनिवारी दुपारी वाघोलीच्या घरून स्कूटरवर कॅम्पातल्या या चर्चमध्ये येत होते, नगर रोडचा धूर खात. प्रत्येक बाजूवर पातळ कागद धरून पेन्सिलीनं घासून ठसे घेतले. फोटो काढले. मावशी चर्चमागेच राहते. ती चार वाजता स्टीलच्या डब्यातून केक आणायची आणि बाकावर बसून मला बघायची. ते शनिवार मला आवडायचे. फारसं बोलावं लागत नव्हतं.

आमच्या कामात एक नियम आहे. जे डोळ्यांना दिसतं ते सलग रेघेनं काढायचं. जे दिसत नाही, असावं असं वाटतं, ते टिंबांच्या रेघेनं. टिंबांची रेघ म्हणजे मला माहीत नाही, असं कबूल करणं. ऑफिसातल्या आमच्या आर्किटेक्ट ताईंनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं.

एका रविवारी उपासनेनंतर मावशीकडे जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर तिनं माझी ड्रॉइंग पलंगावर पसरली. बराच वेळ बघत राहिली.

“पूर्वी कशी दिसत असतील गं ही?” ती म्हणाली.

“सांगता येत नाही.”

“अगं, अंदाजानं. माझ्यासाठी काढ. कुणाला दाखवायचंय?”

मला नाही म्हणता आलं नाही. खरं म्हणजे नाही म्हणायचंही नव्हतं. तिनं माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं कधी. पुढच्या आठवड्यात घरी बसून मी काढायला घेतलं. दगडावरून काहीच कळत नव्हतं. जुना फोटो कुठे मिळाला नाही. दोन संध्याकाळी कागद खोडण्यात गेल्या. शेजारच्या फ्लॅटमध्ये नुकतं बाळ झालं होतं, आणि त्यांच्या दारात डायपरचं रिकामं पाकीट पडलं होतं. त्यावर एक बाळ होतं, गोल, जरा वर बघणारं, खालच्या ओठाला वळी पडलेलं. मी ते पाकीट उचलून आत आणलं. त्या गालांवरून गाल काढले, त्या ओठांवरून ओठ. सगळं टिंबांच्या रेघेत, खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक’ असं इंग्रजीत लिहून. मावशीला दिलं तेव्हा तिनं ते डोळ्यांजवळ धरलं. चष्मा काढून पदरानं पुसला. मला इतकं बरं वाटलं की पाकिटाचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. मी ते मुद्दामच सांगितलं नाही.

त्या शनिवारी मीटिंग संपली आणि कमिटीतले लोक एकेक करून बाहेर आले. खजिनदार मला बघून दचकले. “अरे, तुम्ही इथेच? छान झालंय हं काम,” म्हणाले आणि घाईनं निघून गेले. मावशी शेवटी आली. हातात माझी फाइल.

“झालं बघ. सगळ्यांना पटलं. पुढच्या शनिवारी कारागीर येतोय, कात्रजच्या पुढं कारखाना आहे त्याचा. मूर्ती करतो, कबरीचे दगड करतो. हात चांगला आहे.” तिनं फाइल बाकावर ठेवली. “चल, चहा टाकते. कुलूप लावून येते तेवढं.”

ती मनोऱ्याची खोली बंद करायला गेली. मी फाइल उघडली.

अहवालाचं शेवटचं पान नव्हतं. पिनेखाली त्याचा एक तिकोनी तुकडा राहिला होता, नखाएवढा. आणि सगळ्यात वर माझं ड्रॉइंग होतं, मोठं करून झेरॉक्स काढलेलं. त्यातली टिंबं जोडलेली होती. काळ्या पेनानं, एक टिंबही न सोडता, गालाच्या वळणावर हात उचलून पुन्हा तिथूनच सुरुवात करून. फळ्यावर वर्षानुवर्षं अक्षर काढलेल्या बाईचा हात होता तो. मला लहानपणी तिनं अशीच चित्रं आणून दिली होती, एकपासून आकडे जोडत गेलं की बदक होणारी. खाली ‘काल्पनिक’ या शब्दावर व्हाइटनर लावला होता. त्याच्या वर मराठीत, सुंदर अक्षरात, माझं नाव होतं.

मी फाइल बंद केली. तिच्याकडे गेले, चहा घेतला. तिनं विचारलं, “बिस्किट?” आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, “नको असेल, आताच केक खाल्लायस.”

बोलायला ती वेळ चांगली होती. आम्ही दोघीच होतो. माझ्याकडे वाक्यही होतं: मावशी, शेवटचं पान कुठंय? पण मला दिसत होतं, त्यापुढे ती काय म्हणेल. ती म्हणेल, मग चेहरा काढून का दिलास? आणि मग मला पाकिटाचं सांगावं लागेल. तिनं चष्मा पुसला होता. मी कप विसळून ठेवला आणि निघाले. गेटपर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, “तुझं नाव कुंडाखालच्या पाटीवर येणार आहे. तुझ्या आईला आत्ताच सांगू नकोस हं. तिला तिथेच दिसू दे.”

म्हणजे तिच्या लेखी ती मला काहीतरी देत होती. घरी जाताना सिग्नलला उभी असताना हे माझ्या लक्षात आलं, आणि राग धरायला जी जागा हवी होती तीही राहिली नाही. राग तर होता.

तो आठवडा मी स्वतःला सांगत राहिले की शनिवारी लवकर जायचं, कारागीर यायच्या आधी, आणि पाळकसाहेबांना शेवटचं पान द्यायचं. मी त्याची नवी प्रत काढली. मराठीतही लिहिलं, दीड पान, शब्दकोश शेजारी ठेवून. शनिवारी सकाळी ऑफिसात अचानक साइटचं काम निघालं आणि मी ताईंना नाही म्हणू शकले नाही. चर्चमध्ये पोचायला अडीच वाजले.

आवाज दारातच ऐकू आला. छिन्नीचा बारीक, नेमका आवाज. मग थांबला.

कारागीर माझ्या वडिलांच्या वयाचा होता. कुंडाभोवती त्यानं पोतं अंथरलं होतं आणि हत्यारं स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडली होती. मावशी बाकावर बसली होती, डबा शेजारी. मला बघून तिचा चेहरा उजळला. “ये, ये. बघ तरी.”

त्यानं भिंतीकडच्या बाजूनं सुरुवात केली होती. तो म्हणाला, नवीन दगडावर हात बसेपर्यंत मागची बाजू घ्यायची, चुकलं तर दिसत नाही. मी वाकून कुंडामागे गेले, जिथे आठ दिवसांपूर्वी बसले होते तिथेच. तिथलं बाळ माझ्याकडे बघत होतं. त्याला नाक होतं, पापण्या होत्या, बुबुळं होती. खालच्या ओठाला वळी होती. काम चांगलं होतं, त्याच्या हाताला नावं ठेवायला जागा नव्हती. दोन्ही गालांवरचा जुना पिवळेपणा जाऊन आतला पांढरा दगड उघडा पडला होता, खरवडलेल्या गुडघ्यासारखा. खाली पोत्यावर भुकटी पडली होती. मी त्यात बोट घातलं. किती आयांचे अंगठे होते त्या पृष्ठभागावर, ते मला मोजता आलं नसतं, आणि आता मोजायचा प्रश्नही उरला नव्हता.

हे माझ्यामुळे झालं होतं. मावशीमुळे झालं होतं, आणि माझ्यामुळे.

“कसं झालंय?” मावशी बाकावरून म्हणाली. मी बोटावरची भुकटी झटकत होते, तोवर तीच म्हणाली, “तिला आवडलंय.” मग जरा हळू, कारागिराला की मला ते कळलं नाही, “आंधळी वाटायची हो मला ती. दर रविवारी इथून आत यायचं, आणि चार आंधळी लेकरं. दुसऱ्यांची किती मुलं मी इथे हातात घेतली. या चौघांकडं कुणी बघितलंच नाही.”

मावशीला मूल नाही. हे आमच्या घरात कधीच कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मला वाईट वाटलं. बॅगेतलं ते दीड पान मला वाटत होतं त्यापेक्षा जड झालं. पाळकसाहेब खडकवासल्याला एका लग्नाला गेले होते, असं तिनं मघाशीच सांगितलं होतं.

कारागीर उठला. पोतं ओढत ओढत दाराकडच्या बाजूला आणलं. खाली बसला, माझ्या आईनं हात फिरवलेल्या बाळासमोर. झेरॉक्सचा कागद त्यानं पंखाला चिकटपट्टीनं लावला. मग अंगठ्यानं ते सपाट तोंड चाचपलं. बराच वेळ चाचपलं. आयांसारखाच तोही अंगठाच फिरवत होता, हे मला तेव्हाही दिसलं.

“ताई,” तो मला म्हणाला. मावशीला नाही. “हितं दगुड लई कमी हाय. नाक उठवायचं म्हणलं तर सगळं तोंड बोटभर आत घ्यावं लागंल. मग जुनं काहीच ऱ्हात नाही. मागल्याला तेवढं नव्हतं लागलं.” त्यानं कागदाकडे मान वळवली. “ह्ये तुमीच काढलंय ना? असंच होतं ना ह्ये आधी? नक्की असंल तरच हात घालतो.”

“हो, असंच होतं,” मावशी म्हणाली. “तिनं सगळं मोजूनच काढलंय.”

कारागिरानं मान डोलावली आणि फडक्यावरची बारीक छिन्नी उचलली. तिचं टोक त्यानं बाळाच्या कपाळावर, जिथे खळगा सुरू होतो तिथे, टेकवलं. दुसऱ्या हातानं हातोडी चाचपली.

शब्दकोशातून काढलेले सगळे शब्द कुठेतरी गेले. मी वाकून त्याच्या मनगटावर हात ठेवला. अनोळखी माणसाला मी कधी असा हात लावलेला नाही. त्यानं वर बघितलं. मावशी डब्याचं झाकण लावता लावता मध्येच थांबली.

“मावशी, त्यांनी मला विचारलंय,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला, गॅलरीखाली घुमला. “असं नव्हतं. कसं होतं ते मला माहीत नाही. हे बाळ मी डायपरच्या पाकिटावरून काढलंय.”